फोटोखालचा शब्द

"परत जुन्यासारखं होत नाही." सकाळपासून हेच सांगून सांगून जगदेवचा घसा बसला होता.

कारंज्याच्या एसटी स्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ज्या ॲपवर सगळा तालुका फोटो टाकतो, वाढदिवस साजरे करतो आणि भांडतो, त्याचं रूपडं एका रात्रीत बदललं होतं. वरचं खाली गेलं, डावीकडचं उजवीकडे आलं, आणि हे जगदेवनंच केलं असं लोकांनी ठरवून टाकलं. रंगूबाईच्या भजनी मंडळाचा ग्रुप हरवला होता, तो ती त्याच्याकडे मागत होती. एका होतकरू पुढाऱ्याला वाढदिवसाला नेहमीपेक्षा निम्मेही लाइक पडले नव्हते; विरोधकांनी जगदेवला फोडलाय की काय, असा तो बघत होता.

"अरे बाबा, कंपनीनं बदललं ते. मी इथं बसून इअरफोन इकून राह्यलो," जगदेव म्हणायचा. ऐकतो कोण? आज शटर उघडलंच नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

गर्दी जरा ओसरली तेव्हा एक बाई काउंटरशी आली. जवळच्या तांड्यावरची रुपाबाई. मजुरीचा दिवस बुडवून आली होती. तिनं पदराची गाठ सोडून फोन काढला.

"भाऊ, राजपालचा बाप सापडून नाही राह्यला."

जगदेवनं चमकून वर पाहिलं. "पोलिसात सांगतलं का, मावशी?"

"तसा नाही. ह्याच्यात," ती म्हणाली आणि फोन पुढे केला.

राजपाल तिचा मुलगा. त्याचा बाप दोन वर्षांपूर्वी पुण्याकडे कामाला गेला, तो आलाच नाही. नंबरही लागत नव्हता. मग मुलानं ह्या ॲपमध्ये बापाला हुडकून दिलं होतं. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या गोल फोटोवर बोट ठेवलं की नवरा समोर यायचा. कधी टपरीवर चहा पिताना, कधी कुणाच्या तरी गाडीला टेकून. वाचता तिला येत नव्हतं, पण माणूस बघायला वाचता कशाला यावं लागतं?

"रोज सकायी पाहून घेते, मंग कामाले जाते," ती म्हणाली. "आज तो गोलच नाही. आता मी काय करू, सांगा."

"त्यायचं नाव सांगा."

नवऱ्याचं नाव तिनं आजवर तोंडातून काढलं नव्हतं, आणि चारचौघांत ते निघणार नव्हतंच. तिनं बांगड्या मागे सारल्या आणि हात काउंटरवर ठेवला. मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं, अक्षरं थोडी पसरलेली. जगदेव तिच्या हातावरचं वाचत गेला आणि टाइप करत गेला. उदयसिंग राठोड.

उदयसिंग बरेच निघाले. ती एकेकाला वर सारत गेली आणि मग एका फोटोवर तिचं बोट थांबलं.

"ह्ये." तिचा जीव भांड्यात पडला. "हा फोटो नवा हाय. जाडे झाले वाटते."

जगदेवलाही बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच कुणी त्याच्या दुकानात हसलं होतं.

"भाऊ, फोटोखाली हे काय आलं? पयले नव्हतं."

जगदेवनं वाचलं. जुन्या रूपात हे कुठंतरी आत असायचं, मुद्दाम उघडून पाहिल्याशिवाय दिसत नसे. नव्यात कंपनीनं ते ठळक अक्षरात थेट पुढ्यात आणून ठेवलं होतं. अविवाहित.

तो फार दमला होता. तिचा हात अजून काउंटरवरच होता. खरं सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

"काई नाही, मावशी. बदललं ना ते, म्हून चुकीचं येऊन राह्यलं. गावाचं नाव चुकलं. समद्यांचं तसंच येते."

"मंग त्यायले कळवा ना. त्यायले मालूम नसन."

"राहू द्या. होते आपोआप."

"कायले राहू द्या? परमुलखात हायेत ते. त्यायले सांगनारं कोन हाय?" तिनं फोन त्याच्याकडे सरकवला. "लिवा, फोटोखाली चूक झाली, दुरुस्त करून घ्या. मी पाह्यली म्हून लिवा."

आता मागे फिरायचं तर खरं सांगावं लागलं असतं. जगदेवनं ती बोलली तसंच लिहिलं, खाली रुपाबाई असं नाव टाकलं आणि पाठवून दिलं.

दोघंही स्क्रीनकडे बघत राहिले. निरोप पोचला. वाचला गेला. आणि थोड्याच वेळात फोटो गेला, नाव गेलं, नुसतं करडं वर्तुळ उरलं. जगदेवनं पुन्हा शोधलं. बाकीचे उदयसिंग सगळे जागच्या जागी होते. पलीकडून उदयसिंगनं हिला ब्लॉक करून टाकलं होतं. जगदेवला ते लगेच कळलं, आणि आपल्याच हातानं हे झालं, हेही कळलं.

रुपाबाईनं फोन घेतला, पदरानं काच पुसली, पुन्हा पाहिलं.

"हे बी बदलल्यानंच झालं का, भाऊ?"

"हो," तो म्हणाला.

"मंग येतीन," ती म्हणाली. तिनं दुकानाच्या पायरीवर जागा केली, फोन मांडीवर उताणा ठेवला आणि बसून राहिली.