अर्ध्या तासाचं दार

"ब्रोशर नको दाखवू," अलका म्हणाली. "गॅसवर ठेव."

मिहीरच्या हातात आग अडवणाऱ्या नव्या फ्रंट डोअरचं सॅम्पल होतं. पोळपाटाएवढं, चांगलं जाड. वरून लाकडासारखी डिझाइन, आत लाकूड औषधालाही नाही.

"काकू, हे लॅबमध्ये टेस्ट केलंय. किचनमध्ये अलाउड नाहीये."

"किचन माझं आहे."

तो कॉव्हेंट्रीत जन्मलेला, दारं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. लंडनमधल्या हॅरोच्या या बिल्डिंगमध्ये सगळ्यांची दारं बदलून झाली होती, सहाव्या मजल्यावरचं हे एकच राहिलं होतं. दोनदा फिटर आले, दोनदा अलकाने हाकलले. शेवटी कंपनीने याला पाठवला. जसं काही मराठीत सांगितलं की दार जास्त टिकतं.

खिडकीपाशी खुर्चीत तिचे यजमान, पद्माकर, बसले होते. स्ट्रोकनंतर त्यांचा डावा पाय धड उचलत नाही. आग लागली की लिफ्ट बंद होते, हे त्यांना माहीत होतं, अलकाला माहीत होतं आणि बर्मिंगहॅमची मुलगी, उर्वी, ते रोज फोनवर पुन्हा सांगायची. तिचं एकच टुमणं: तिथे वर कशाला राहता, माझ्या घरी या, खालची खोली देते. पद्माकरांना हे घर सोडायचं नव्हतं. अलका म्हणाली होती, दार बघते, मग ठरवते.

"ह्यात आहे काय?"

"प्लॅस्टिकच आहे काकू. पण त्याच्यात क्ले मिक्स केलीय. माती. इतकी बारीक की डोळ्याला दिसणारच नाही. आग लागली ना, की वरचं प्लॅस्टिक जळतं आणि माती तिथेच राहते. काळा क्रस्ट होतो, कवचासारखा. मग हीट आत जात नाही."

"वांगं भाजलं की वरून काळंच होतं. आत शिजतंच ना?"

पद्माकर खुर्चीत हसले. "बोल आता."

मिहीरचे कान लाल झाले. त्याने जॅकेट काढलं, खिडक्या उघडल्या, सॅम्पल मोठ्या बर्नरवर आडवं ठेवलं आणि गॅस फुल केला. खालून तडतड सुरू झाली. केस जळल्यासारखा घाण वास सुटला. पॅसेजमधला अलार्म बोंबलायला लागला. अलकाने टी-टॉवेलने त्याला वारा घातला. समोरच्या फ्लॅटमधली सारा दार ठोकत होती, "एव्हरीथिंग ओके?"

"टेस्टिंग!" अलका ओरडली.

मिहीरने सॅम्पलच्या वरच्या बाजूला तळहात टेकवला. काढला नाही.

"तू हो बाजूला," अलका म्हणाली आणि स्वतःचा हात ठेवला. चहा उतू जाईल एवढा वेळ गेला. तरी तिने हात काढला नाही.

"गार आहे हो," ती पद्माकरांना म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

गॅस बंद करून तिने सॅम्पल उलटं केलं. काळं, भेगा पडलेलं. सुरीने खरवडलं तर आत पांढरं, जसंच्या तसं.

मिहीर खूश. "मग उद्या फिटर पाठवू? आणि ह्या दाराला खिळा मारायचा नाही हं काकू."

"मग तोरण काय कपाळाला बांधू? बरं, ते राहू दे. हे किती वेळ टिकतं? खरं सांग."

"अर्धा तास. सर्टिफाइड."

"आणि मग?"

"तोपर्यंत फायर ब्रिगेड येते. तुम्ही आतच थांबायचं."

"आणि ते खालून ओरडले, बाहेर पडा, तर?"

मिहीरने पद्माकरांच्या पायाकडे बघितलं.

अलकाने हात धुतले. पॅसेजमधून बूट आणले, पद्माकरांच्या पुढ्यात बसून त्यांना घातले, लेस आवळल्या.

"कुठे निघालो?"

"खाली. जिन्याने."

"अगं, सहा मजले आहेत."

"माहितीये."

पद्माकर खुर्चीच्या दांड्याला धरून उठले.

मिहीर पुढे झाला. "काकांना मी धरतो."

"धरू नकोस. आग लागेल तेव्हा तू कॉव्हेंट्रीत असशील. फोन काढ. अर्ध्या तासाचा टायमर लाव."

तिघे जिन्यापाशी आले. पद्माकरांनी कठडा पकडला. अलका एक पायरी खाली जाऊन त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"लाव," ती म्हणाली.

डावा पाय पहिल्या पायरीवर जाऊन आपटला. फोनवर आकडे कमी व्हायला लागले होते. उजवा पाय अजून वरच होता.