पिशव्यांपाशी कोण बसणार?

द्राक्षांचा हंगाम उरकून पिंपळगावहून चांगुणाबाई लेक, सून अन् नातीबरोबर कोकण पाहायला आली. मालवणच्या धक्क्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी लागली, तेव्हा लेकानं, दीपकनं, सवयीनं सगळ्या पिशव्या तिच्यापुढं ठेवल्या. “आई, तू इथंच बस. पाणी पाहून भोवळ येते तुला.” काल तारकर्लीच्या किनाऱ्यावर ती अशीच बसली होती, लग्नानंतरच्या प्रत्येक जत्रेतही. देवळात नवरा जायचा, चपला ती राखायची. आज समोर भर पाण्यात उभा तट दिसत होता. चांगुणाबाई उठली. “दीपक, तू बस पिशव्यांपाशी. मला किल्ला पाहायचाय.” “अगं, पण भोवळ?” “आली तर येऊ दे. ही पोरगी हाय ना धरायला.” दीपक काही बोलायच्या आत ती नातीचा दंड धरून होडीत उतरली. होडी हलली तशी नातीच्या दंडावरची तिची पकड घट्ट झाली. पण तिनं डोळे काही मिटले नाहीत.