खुणेची वाट

मुलांनो, डोळ्यांपुढे एक टेकडी आणा. तिच्यावरच्या अनोळखी, दगडधोंड्यांच्या पायवाटेने भिंगरी नावाची मुलगी गिअरची सायकल दामटते आहे आणि तिचा वर्गमित्र ढब्ब्या पुढे राहून वाट दाखवतो आहे.

"मुंग्या लागलेल्या बाटलीपाशी डावीकडे वळ!" तो ओरडला. थोडं पुढे गेल्यावर, "बिस्किटाच्या चिकट पुड्यापाशी उजवीकडे!" मग झुडपाला लटकलेला, नाक पुसून फेकलेला कागदी रुमाल आला. त्यावर माशा घोंगावत होत्या. भिंगरीने करकचून ब्रेक दाबला.

"शी! कुठल्या घाणेरड्या माणसाचं काम हे? याला घरी कोणी काही शिकवलंच नाही वाटतं!"

ढब्ब्या सायकल थांबवून हँडलची घंटी उगाच पुसत राहिला. "अगं, मागच्या रविवारी काकांनी मला इथे आणलं होतं. परतताना वाट चुकायला नको म्हणून ते खुणा टाकत गेले."

"कोण काका?"

"तुझे बाबा."

भिंगरीला आधी खरंच वाटेना. चाकाचा चिखल फरशीला लागला, तरी घर डोक्यावर घेणारे बाबा! पण रुमालावरची निळी नक्षी घरातल्या डब्यातल्या रुमालांचीच होती.

उतरताना तिने हातमोज्यांनी एकूण एक खूण उचलून पिशवीत भरली.

घरी आल्यावर तिने त्या सगळ्या खुणा दारापासून बाबांच्या पांढऱ्याशुभ्र गादीपर्यंत ओळीने मांडल्या आणि हाक मारली, "बाबा, या! वाट चुकणार नाही."