लाल फुलीचा फोटो

"बाद," म्हातारा म्हणाला आणि पडद्यावरच्या शेवटच्या फोटोवर त्याने लाल फुली मारली.

वर्तमानपत्राच्या फोटो विभागाचा तो प्रमुख. सगळे त्याला पाठीमागे 'कात्री' म्हणत. फोटोत जरा काही जास्तीचं दिसलं की याची कात्री चाललीच. आज समोर होते ते फोटो त्याच्याच मुलाने काढलेले होते. पोरगा सकाळी युद्धाचे फोटो काढताना मेला. तोफगोळा पडला. कॅमेरा तेवढा सापडला, आणि त्यातले फोटो दुपारी कचेरीत आले. आज तरी घरी जा, असं चौघांनी सांगून पाहिलं.

"घरी जाऊन भिंती बघू?" म्हातारा खेकसला. पोराने काढलेला फोटो पहिल्या पानावर जाणार, तो दुसऱ्या कुणी निवडायचा? कुणाची माय व्यालीय!

फोटो त्याने निवडला होता. उद्ध्वस्त रस्ता, मधोमध बसलेलं एक लहान मूल, मागे धूर. एका पडक्या भिंतीच्या आडोशाने काढलेला. फोटोच्या कडेला त्या भिंतीच्या विटा दिसत होत्या. चोख फोटो. मुलाच्या गालावरची धूळसुद्धा वेगळी कळत होती. मथळा संपादकाने दिला होता: 'अखेरपर्यंत कॅमेरा सोडला नाही.' मेलेला माणूस घरचा असला की संपादकांना मथळे झकास सुचतात.

शब्द मात्र मूळचे म्हाताऱ्याचेच. पोराच्या गळ्यात पहिला कॅमेरा अडकवताना त्याने बजावलं होतं, "आभाळ कोसळलं तरी हा सोडायचा नाही. पळताना बटण दाबायला सवड नसते, तेव्हा आपोआप फोटो निघत राहतील असा लावून ठेवायचा. पाच-पंचवीस वाया जातील, एक हाती लागेल." पोरगा आज्ञाधारक. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या मुलीचा त्याचा फोटो जगभर छापला गेला, बक्षीस मिळालं. त्या दिवशी जेवताना पोराच्या बायकोने विचारलं, "तिला बाहेर काढलं का रे कुणी?" पोराचा घास हातातच राहिला. उत्तर म्हाताऱ्यानेच दिलं होतं, "ते काम त्याचं नाही."

दारात कुणीतरी उभं होतं. म्हाताऱ्याने मान वळवली. सून होती. डोळे कोरडे ठणठणीत.

"तुम्ही मारलंत त्याला, बाबा."

खोलीतल्या लोकांनी माना खाली घातल्या. एकजण उगाच चष्मा पुसायला लागला.

"आडोशाला बसला असता तर आज जिवंत असता. उघड्यावर गेला तो. फोटोसाठी गेला. कुणाचं ऐकून?"

 म्हाताऱ्याने खुर्ची सरकवली. "बस. बघ तरी, काय काढून गेलाय."

तिने तो चोख फोटो पाहिला.  मग तेच विचारलं, पूर्वी विचारलं होतं तेच.

"या लेकराला उचललं का कुणी?"

"ते काम त्याचं..." म्हातारा अडखळला. 

"आणि हा फुलीवाला?"

"तो वाया गेलाय गं. तिरका, धूसर. अर्ध्या फोटोत नुसती खडी. कॅमेरा जमिनीवर पडला असणार, आपोआप निघालाय. त्यात बघण्यासारखं काही नाही."

"मोठा करा."

"अगं, पण..."

"मोठा करा, बाबा."

त्याने मोठा केला. खडी. खडीपलीकडे तोच रस्ता, तेच मूल. आणि मुलाकडे धावत सुटलेला एक पाठमोरा माणूस. सुनेचं बोट पडद्यावर, त्या माणसाच्या खांद्यावर टेकलं.

"हिरव्या जाकिटाला निळा दोरा," ती म्हणाली. "घरात हिरवा नव्हता. मी टाके घातले तेव्हा तुम्ही हसला होतात."

खांद्यावर निळे टाके होते. धूसर, पण होते. जन्मभर फोटो पारखलेला तो माणूस तोंड उघडं टाकून बघत राहिला. त्याच्या पोराचे दोन्ही हात पुढे पसरलेले होते. दोन्ही रिकामे.

संपादक दारातून डोकावला. "झालं का? पान अडलंय."

"हा लावा," म्हातारा म्हणाला. "खडीसकट. आणि तो मथळा खोडा. सोडला होता त्याने कॅमेरा."

सुनेकडे बघायची त्याची छाती झाली नाही. तो पडद्यावरच्या त्या निळ्या टाक्यांशीच बोलला.

"भिंतीआडून फोटो मिळाला होता गं त्याला. माझं ऐकलं असतं, तर तिथेच बसला असता."