कवडूजींची नवी सायकल

पुलगावात मी जुन्या सायकली घेतो, दुरुस्त करतो आणि नफा ठेवून विकतो. गेल्या महिन्यात सुलोचनामावशी नवऱ्याची काळी सायकल मला पाचशेला विकून गेल्या. तिला ब्रेक नव्हतेच. त्यांचे कवडूजी चपला घासून थांबायचे. मी ब्रेक, टायर, चेन सगळं बदललं, हिरवा रंग मारला आणि सायकल दुकानासमोर उभी केली.

चौथ्या दिवशी समोर कवडूजीच! "बायकोनं माही सायकल भंगारात देल्ली," म्हणाले आणि त्या हिरव्या सायकलीचा सौदा दोन हजारांवरून अठराशेला पटवूनच थांबले. मला तोंड उघडायची सवडच दिली नाही. खरं सांगायचं तर मीही उघडलं नाही. जाताना म्हणाले, "याले म्हंतात सायकल! माही जुनी म्हंजे निव्वळ डबडं."

आठवडाभर मला अन्न गोड लागेना. माणसाला त्याचीच सायकल विकली! शेवटी नफ्याचे सातशे रुपये घेऊन त्यांच्या घरी गेलो. कवडूजी सायकलवर बाजारात गेले होते. मावशींना सगळं सांगून टाकलं.

मावशींनी पैसे परत माझ्याच खिशात कोंबले. "ठेव बापू, मले माहीत हाये. दुरुस्तीले हा माणूस दमडी काढत नाई, पन सस्त्यात सौदा दिसला का राहावत नाई त्याले. आता ब्रेक तरी लागते."

मग चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "मागच्या उन्हाळ्यात पंखेवाला बी असाच तोंड पाडून पैसे वापस द्याले आलता."