माफीचं सामान

स्टिकर संपले तरी त्यांची पाकिटं रुचिता जपून ठेवायची. त्यांच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या आणि मागच्या पुठ्ठ्याच्या चौकटी करून ती आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी स्क्रॅपबुक सजवत होती. रविवारी घर आवरताना नवऱ्याने, यतीनने, ती अख्खी पिशवी कचऱ्यात टाकली.

"रिकामी पाकिटंच तर होती," तो म्हणाला.

रुचिताच्या मस्तकात तिडीक गेली. "माझं अर्धं स्क्रॅपबुक होतं त्यात. एकदा तोंड उघडून विचारायला काय झालं होतं तुला?"

संध्याकाळी तो शांती नगरातल्या दुकानातून दुप्पट स्टिकर घेऊन आला, नव्याकोऱ्या डब्यात नीट लावलेले.



"पाकिटं दुकानातच फोडून टाकून आलो," तो म्हणाला, "घरात परत पसारा नको."