पिंपांची उतरंड

“कुणाचा विश्वास बसणार नाही दादा, पण काल शेजाऱ्यांचं मांजर या तळ्यात सरळ चालत गेलं. आत पाणी आहे हे त्याला दिसलंच नाही.”

“मग?” किसाबुरोने विचारलं.

“मग काय, भिजलं. तेव्हा पटलं त्याला.”

किसाबुरो हसला नाही. टेम्पोतून आणलेलं जाळं आणि निळा टब त्याने तळ्याच्या काठावर ठेवला आणि बाह्या वर सारल्या. वडिलांनी वाढवलेल्या शोभेच्या ‘कोई’ माशांतली ही शेवटची मादी. पांढरीशुभ्र, कपाळावर एकच लाल टिकली. वसंतात त्याने ती धाकट्या भावाच्या, योगोरोच्या, हवाली केली होती ती एका अटीवर. बर्फ पडायच्या आत पाणी नितळ झालं नाही, तर मासा पुन्हा डोंगरावर किसाबुरोच्या घरी, तोही कायमचा. उन्हाळ्यात तो बघायला आला तेव्हा तळ्याची वाटाण्याची आमटी झाली होती आणि मादी वर तोंड काढून धापा टाकत होती.

आज तळाचा खडान् खडा दिसत होता.

“हीसुद्धा पहिल्या दिवशी घाबरली,” योगोरो म्हणाला. “पाणी दिसेना, तर श्वास रोखून बसली. शेवटी मी समजावलं, बाई, आहे पाणी, घे श्वास.”

“थापा पुरे. फिल्टरला तळ्याच्या निम्मी तरी जागा लागते. तुझ्या परसात दोन माणसं एकदम वळू शकत नाहीत. कुठे लपवलायस?”

“आडवी जागा नव्हती, म्हणून उभी घेतली.”

योगोरोने वळचणीकडे बोट दाखवलं. भिंतीला लागून तीन लाकडी पिंपं एकावर एक चढवून दोराने आवळली होती. तळ्याच्या बुडाचं पाणी पंपाने वरच्या पिंपात चढत होतं. तिथे बाटल्या धुवायचे ब्रश उभे रोवलेले, गाळ त्यांच्यात अडकत होता. मधल्या पिंपात जुनी मासेमारीची जाळी, खालच्यात कालवांचे शिंपले. तिथून बारीक धारेने पाणी परत तळ्यात.

किसाबुरोने धारेखाली ओंजळ धरली. वास घेतला. “एवढे शिंपले कुठून आणलेस?”

“खाल्ले. एका बैठकीत. उठलो तर दारातून बाहेर निघता येईना, चौकट काढावी लागली.”

“आणि पिंपांना लोणच्याचा वास येतोय.”

“यायचाच. पण घासून घासून नदीत धुतलीयत हां. खालच्या गावातले लोक आता मासे भाजताना मीठ लावत नाहीत.”

किसाबुरोच्या ओठाचा कोपरा हलला. त्याने उतरंड दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही. “छपरावरून बर्फ कोसळला की?”

“बर्फ अडवायच्या फळ्या हिच्या बाहेरून बसतात. लावून बघितल्यात.”

किसाबुरोने मान डोलावली. मग त्याचं लक्ष वर गेलं. वळचणीखालच्या बांबूवर मुळे वाळत टांगले होते. त्याने एक हातात घेऊन वाकवला. शेंडा देठाला जाऊन टेकला, मोडला नाही.

“मुळे तर झाले की तयार,” तो म्हणाला. “आता इसानो यांचं लोणचं कशात घालणार?”

योगोरो पंपाकडे बघू लागला.

“आहे कुठे तुझी बायको?”

“गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलीय. भातकापणी झाली ना, महिला मंडळाची सहल.”

“योगोरो, ही आईने तिला दिलेली पिंपं. सख्ख्या बहिणीने एक मागितलं तरी इसानोने दिलं नव्हतं.” किसाबुरोने जाळं उचललं. “तुझं डोकं चाललं, मी मान्य करतो. फिल्टर चांगला आहे. पण उद्या ती येऊन पिंपं उतरवील आणि मासा पुन्हा आमटीत. त्यापेक्षा मी आजच नेतो.”

जाळं पाण्याला टेकलं. लाल टिकली हळूच त्याच्याकडे वळली.

“थांब, दादा!” योगोरो एकदम पुढे झाला. “तिनेच दिली पिंपं. स्वतःहून. निघताना म्हणाली, अहो, या वर्षी लोणचं नको, मासा राहू दे. शपथेवर सांगतो. बाहीने… नव्हे, हातरुमालाने डोळे पुसत होती बिचारी.”

“मी?”

फाटकात इसानो उभी होती. हातात पिशवी, गाल झऱ्याच्या पाण्याने अजून गुलाबी.

“बसमध्ये चढताना मी म्हणाले होते, पिंपांना हात लावाल तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही. डोळे पुसले ते हसून हसून. तुम्ही भराभर मान डोलावत होतात म्हणून.”

योगोरो पिंपांपुढे आडवा उभा राहिला.

इसानोने पिशवी खाली ठेवली. तिने पिंपांकडे पाहिलं, मुळ्यांकडे पाहिलं, मग तळ्याकाठी बसून पाण्यात बोट बुडवलं. मासा सावकाश वर आला आणि बोट चोखू लागला. खवला न् खवला दिसत होता. इसानोने लाल टिकलीवरून हळूच बोट फिरवलं.

“पिंपं राहू देत,” ती म्हणाली. “मासाही राहू दे. दादा, डोंगरावर कुणाला न्यायचंच असेल, तर यांना न्या.”